‘सर्व्हर डाऊन आहे, उद्या या’

पीकविम्याची मुदत संपत आली की शिरूर कासारच्या सेवा केंद्रात काय किंवा शेजारच्या तालुक्यात काय, संगणकाच्या पडद्यावरचं चक्र फिरत राहतं, सातबारा उघडत नाही आणि सर्व्हर बंद पडला असा समज होतो. बहुतेक वेळा तो बंद नसतो, कमाल क्षमतेच्या काठावर राबत असतो. रांगेचं साधं गणित बघा. एका अर्जाला एक मिनिट लागतं असं धरलं, तर यंत्र निम्मा वेळ गुंतलेलं असताना सरासरी २ मिनिटांत काम होतं. ते ९० टक्के गुंतलं की १० मिनिटं लागतात आणि ९५ टक्क्यांना २०. भार जरासा वाढतो, ताटकळणं दुप्पट होतं. त्यात वैतागून पुन्हा बटण दाबलं की आणखी एक मागणी रांगेत शिरते. ‘मग सर्व्हर वाढवा’ हे म्हणणं रास्त आहे, आणि भाड्याची यंत्रं काही मिनिटांत वाढवताही येतात. पण एका अर्जासाठी आधार, जमिनीची नोंद, बँक अशा वेगवेगळ्या यंत्रणांनी उत्तर द्यावं लागतं. अलीकडे यंत्रं वाढवली आणि पलीकडची नोंदवही तेवढीच राहिली, तर गर्दी फक्त पुढे सरकते.

दुसरा गैरसमज किमतीचा. २०२३ च्या खरिपात विमा एक रुपयात झाला, दीड कोटींहून जास्त अर्ज आले, मुदत ३१ जुलैवरून ३ ऑगस्टवर न्यावी लागली. अर्ज जवळपास फुकट वाटला, तरी रांगेत ज्याची रोजंदारी बुडाली त्याने किंमत मोजलीच. गर्दी पाहून दर लावण्याची रीतही आहे: अ‍ॅमेझॉन २००९ पासून रिकामी संगणकक्षमता स्वस्तात देते, आणि गरज पडली की दोन मिनिटांच्या सूचनेवर काढून घेते. त्यावरून इथेही गर्दीच्या दिवसांत जादा शुल्क लावावं, असं कुणी सुचवेल. मला ते चुकीचं वाटतं. दर पाहून वेळ बदलणं ज्याला शक्य आहे, त्याच्यापुरताच दराचा उपयोग. ज्याची पेरणी पावसावर आणि पैसा उसनवारीवर, तो दिवस कसा निवडणार? त्याच्यासाठी पाळी बरी. शेतीपंपाच्या विजेला दिवस-रात्रीच्या पाळ्या असतातच. रात्रीची पाळी कुणालाच आवडत नाही, पण मोटर कधी चालू करायची ते माहीत असतं. गावनिहाय दिवस ठरवले तर उशिरा पेरणारा सुटेल, ही भीती खरी आहे. म्हणून शेवटचे काही दिवस सगळ्यांना खुले ठेवावेत, आणि मुदतीत केंद्रावर पोचलेल्याला वेळेची नोंद असलेलं टोकन द्यावं. अर्ज दोन दिवसांनी भरला गेला, तरी तारीख टोकनावरचीच धरावी.