मलेशियातील ‘मामक’ खाणावळी : स्वस्त ताट परवडते कसे?

आपल्या समाजातील तरुणाने स्वतःचा धंदा करायचे ठरवले की त्याच्या मनात पहिला विचार बहुधा खाण्याच्या धंद्याचा येतो. एक तवा, एक देग, दोन बाके आणि घरातला हात असला की सुरुवात होते. अडचण पुढे येते. भाव कमी ठेवला तर परवडत नाही आणि वाढवला तर गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाते. मग कोणी मसाला कमी करतो, कोणी तेच तेल चार दिवस वापरतो, कोणी पोऱ्याचा पगार थकवतो. थोड्याच दिवसांत दुकानाला कुलूप लागते आणि दागिने मोडून घातलेले भांडवल जाते.

स्वस्त खाणे विकून धंदा खरोखर टिकतो काय? याचे उत्तर शोधताना मलेशियाचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. तेथील शहरांत सामान्य माणसाच्या खिशाला परवडणाऱ्या खाणावळींचा मोठा भाग ज्यांनी उभा केला, ते मूळचे भारतातून गेलेले मुसलमान आहेत. या खाणावळींना तेथे ‘मामक’ म्हणतात. तमिळ भाषेतील ‘मामा’ या शब्दावरून हे नाव पडले.

खांद्यावरची काठी

पेनांग बेट 1786 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या ताब्यात गेले आणि तेथील बंदरात दक्षिण भारतातील मुसलमान व्यापारी, खलाशी व मजूर यांची वस्ती वाढली. जॉर्ज टाउनमधील प्रसिद्ध कपितान केलिंग मशीद याच लोकांनी 1801 मध्ये उभारली. या वस्तीतून खाण्याचा धंदा निघाला. विक्रेता खांद्यावर आडवी काठी घेई. तिच्या एका टोकाला भाताचे भांडे आणि दुसऱ्या टोकाला रश्शाचे भांडे असे. गोदीतील कामगारांना तो जागेवर जेवण देई. मलाय भाषेत भाताला ‘नासी’ आणि कावडीसारख्या या काठीला ‘कांदर’ म्हणतात. त्यावरून ‘नासी कांदर’ हे नाव रूढ झाले. आज क्वालालंपूरमध्ये याच नावाच्या मोठमोठ्या खाणावळी आहेत. काठी गेली, पण धंद्याची रीत तीच राहिली : भात एक, रस्से अनेक.

ताटात काय असते?

नाशिकच्या माणसाला हे ताट अनोळखी वाटणार नाही. सकाळी ‘रोटी चनाई’ मिळते. मैद्याचे पीठ तुपा-तेलात मुरवून, हाताने झटकत पातळ पसरवून, घडी घालून ती तव्यावर भाजतात. आपल्या लच्छा पराठ्याची ती जवळची नातलगच आहे. सोबत वाटीभर डाळ किंवा रस्सा येतो. दुपारी भातावर मासा, कोंबडी, मटण, अंडे किंवा भेंडी यांपैकी जे हवे ते दाखवायचे. वाढपी ते भातावर घालतो व दोन-तीन प्रकारचा रस्सा ओततो. संध्याकाळी तव्यावर परतलेल्या शेवया म्हणजे ‘मी गोरेंग’ असतात. चोवीस तास चालू असतो तो ‘ते तारिक’, म्हणजे ओढलेला चहा. काळ्या चहात गोड आटवलेले दूध घालून तो एका भांड्यातून दुसऱ्यात उंचावरून ओततात, त्याने चहाला फेस येतो.

परवडते कसे?

या खाणावळींचे गणित चार गोष्टींवर उभे आहे.

पहिली गोष्ट, मूळ पदार्थ थोडे आणि त्यांचे प्रकार पुष्कळ. रोटीच्या त्याच गोळ्यात अंडे घातले की ‘रोटी तेलुर’, कांदा घातला की ‘रोटी बावांग’. त्याच चहात दूध नको असेल तर ‘ते ओ’, बर्फ हवा असेल तर ‘ते आइस’. पाटीवर पन्नास नावे दिसतात, पण कोठारात पीठ, अंडी, कांदा, चहा, दूध आणि चार-पाच रस्से एवढेच असते. माल वाया जात नाही. आपल्याकडे नवा हॉटेलवाला चायनीज, पंजाबी, मुघलाई आणि साउथ इंडियन असे सारे एकाच पाटीवर लिहितो. मग फ्रीज भरतो आणि रात्री त्यातला माल फेकावा लागतो.

दुसरी गोष्ट, कमी भावाचा पदार्थ गिऱ्हाइकाला आत आणतो आणि वरची जोड नफा देते. साधी रोटी स्वस्तच ठेवायची. गरिबाचे पोट तेवढ्यावर भरते. ज्याला परवडते तो अंडे, मासा, दुसरा चहा मागतो. एकाच बाकावर हमाल आणि कचेरीतला साहेब बसतो व प्रत्येकाचे बिल त्याच्या ऐपतीप्रमाणे होते.

तिसरी गोष्ट म्हणजे मोजमाप. 1 किलो मैद्यात अर्ध्या लिटरहून थोडे जास्त पाणी, मीठ व तूप-तेल मिळवले की सुमारे 1 किलो 600 ग्रॅम पीठ होते. 90 ग्रॅमचा गोळा केला तर जवळजवळ 18 रोट्या निघतात आणि 100 ग्रॅमचा केला तर 16. केवळ 10 ग्रॅमच्या हलगर्जीपणाने किलोमागे दोन रोट्या जातात. दिवसाला 10 किलो मैदा लागत असेल तर 20 रोट्या गेल्या. नफा बहुधा त्या वीस रोट्यांतच असतो. गोळा लहान करून गिऱ्हाइकाला फसवावे, असा याचा अर्थ नाही. रोज एकच वजन ठेवावे, एवढाच अर्थ. मापात घट करणाऱ्यांना कुरआनात ‘अल्-मुतफ्फिफीन’ या सूरहमध्ये कडक इशारा आहे आणि तो विक्रेत्याने सतत डोळ्यांसमोर ठेवावा असा आहे. तराजू दोघांचेही रक्षण करतो, गिऱ्हाइकाचे आणि मालकाचेही.

चौथी गोष्ट, खुर्चीचा हिशेब. समजा, दुकानात 20 खुर्च्या आहेत आणि जेवणाची गर्दी 4 तास असते. प्रत्येक जण अर्ध्या तासात उठला तर 160 माणसे जेवतील, एक तास बसला तर 80. भाडे तेवढेच. म्हणून मामक खाणावळीत पदार्थ तयार असतात, बोट दाखवले की ताट पुढे येते. रात्री गर्दी ओसरली की हाच मालक तरुणांना एका चहावर दोन तास फुटबॉलचा सामना पाहू देतो, कारण त्या वेळी खुर्ची रिकामीच असते. बसण्याची ही पद्धत आपल्या जिल्ह्यालाही नवी नाही. मालेगावात यंत्रमागाच्या पाळ्यांवर चालणारी चहाची हॉटेले याच तत्त्वावर जगली आहेत.

रहमतीचे ताट

स्वस्ताईचे एक वेगळे उदाहरणही तेथे घडले. जानेवारी 2023 मध्ये मलेशियाच्या सरकारने ‘मेनू रहमा’ ही योजना सुरू केली. रहमा म्हणजे दया. जे हॉटेलवाले स्वखुशीने सामील होतील त्यांनी पोटभर जेवणाचा एक पदार्थ 5 रिंगिटपर्यंत द्यावा, अशी ती कल्पना होती. सरकारने त्यासाठी थेट अनुदान ठेवले नव्हते. आपल्या महाराष्ट्रात 26 जानेवारी 2020 रोजी शिवभोजन थाळी 10 रुपयांत सुरू झाली. तीत शहरी भागातील थाळीचा खर्च 50 रुपये धरून उरलेले 40 रुपये सरकारने देण्याची व्यवस्था होती. दोन्हींचा हेतू एकच, पण हिशेब वेगळा. एकीत तूट सरकारने उचलली, तर दुसरीत दुकानदाराने आपल्या इतर विक्रीतून. ज्याचे चार पदार्थ नफ्यात आहेत त्यालाच पाचवा पदार्थ गरिबासाठी स्वस्त ठेवता येतो. खैरात करायची तरी आधी वही नीट असावी लागते.

हलाल : शब्द आणि जबाबदारी

मलेशियात हलाल प्रमाणपत्र ‘जाकिम’ हे सरकारी खाते आणि राज्यांच्या धार्मिक संस्था देतात. 2011 च्या आदेशाप्रमाणे खोटा हलाल शिक्का लावणे हा तेथे गुन्हा आहे. प्रमाणपत्रासाठी मांस कोठून आले एवढेच पाहत नाहीत. इतर घटक, साठवण, भांडी आणि स्वयंपाकघराची स्वच्छताही तपासली जाते. मालकाचे नाव मुसलमानी आहे, एवढ्याने प्रमाणपत्र मिळत नाही.

आपल्याकडे सरकारी हलाल प्रमाणपत्र नाही, ते खासगी संस्था देतात. लहान हॉटेलाला त्याचा खर्च करण्याची गरजही नसते. पण यातला बोध घेण्यासारखा आहे. जुन्या नाशकात आपल्या बहुतेक खाणावळी ‘मुसलमानाचे दुकान’ या विश्वासावर चालतात. तो विश्वास पाक आणि साफ या दोन्हींचा असला पाहिजे. भारतात 1 जुलै 2018 पासून नियम आहे की, तळणाच्या तेलातील ‘टोटल पोलर कंपाउंड’चे प्रमाण 25 टक्क्यांवर गेले की ते तेल वापरू नये. काळे पडलेले, धूर सोडणारे, फेसाळणारे तेल ओतून देणे हा नुकसानीचा नव्हे, दुकान टिकवण्याचा खर्च समजावा.

नाशिकला काय घेता येईल?

नाशिकमध्ये या धंद्याला जागा आहे. द्वारका चौकात मुंबई-आग्रा महामार्ग आणि पुणे रस्ता भेटतात, तर सातपूर आणि अंबड येथील कारखान्यांत पाळ्या चालतात. अशा ठिकाणी रात्री गरम रोटी, डाळ आणि चहा देणाऱ्याला गिऱ्हाईक शोधावे लागत नाही. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार मद्य देणारी ठिकाणे सोडून इतर आस्थापना चोवीस तास चालवता येतात. मात्र कामगाराला आठवड्याची सुट्टी दिलीच पाहिजे. अन्नसुरक्षा कायद्याखालील नोंदणी किंवा परवाना हातगाडीवाल्यालाही लागतो. जीएसटीच्या नोंदणीत येणाऱ्या साध्या हॉटेलांच्या जेवणावर 15 नोव्हेंबर 2017 पासून 5 टक्के कर आहे आणि मालावर भरलेल्या कराची वजावट मिळत नाही. म्हणून भाव ठरवताना तो कर खर्चात धरावा.

कच्च्या मालाबाबत एक इशारा. मलेशिया हा भारतीय कांद्याचा जुना खरेदीदार आहे. केंद्र सरकारने 8 डिसेंबर 2023 रोजी कांद्याची निर्यात बंद केली आणि 4 मे 2024 रोजी ती बंदी उठवली. ती लागताच आपल्या लासलगावच्या बाजारात भाव कोसळले. ज्याच्या रश्शाचा पाया कांदा आहे त्याने अशा चढ-उतारासाठी थोडी रक्कम बाजूला ठेवावी. कांदा महागला म्हणून ताटाचा भाव दर आठवड्याला बदलला तर नेहमीचे गिऱ्हाईक तुटते.

तेथील साऱ्याच गोष्टी घेण्यासारख्या नाहीत. गोड चहा आणि रात्रभर खाणे यांमुळे लोकांचे आरोग्य बिघडते, म्हणून पेनांगच्या ग्राहक संघटनेने 2024 मध्ये चोवीस तासांच्या हॉटेलांवर बंदीची मागणी केली होती. शिवाय हा धंदा तेथे परदेशातून आणलेल्या मजुरांवर फार अवलंबून आहे. आपण चहात साखर वेगळी देऊ शकतो आणि पोऱ्याचा पगार महिन्याच्या पहिल्या तारखेला देऊ शकतो.

दुकान उघडण्याआधी तीन गोष्टी कागदावर लिहाव्यात. मी कोणते पाच पदार्थ विकणार? प्रत्येकाला भाडे, गॅस, मजुरी आणि कर धरून खर्च किती? आणि रोज किती ताटे गेली म्हणजे खर्च निघेल? ही तीन उत्तरे मिळाली नाहीत तर दागिने मोडू नयेत. मिळाली तर बिस्मिल्लाह करून तवा चढवावा. पेनांगच्या गोदीवर काठी खांद्यावर घेणाऱ्या माणसाजवळही याहून अधिक भांडवल नव्हते.