रांग नेमकी कुठे आहे?

5 फेब्रुवारी 2025 ला अमेरिकेचं लष्करी विमान 104 भारतीयांना घेऊन अमृतसरला उतरलं. प्रवासात त्यांतल्या अनेकांच्या हातांत बेड्या होत्या, पायांत साखळ्या. त्यांत महाराष्ट्रातले तिघे होते. त्या आठवड्यात अमेरिकेतल्या आमच्या मराठी मंडळींच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावर एकच सूर होता : “आम्ही नाही का रांगेत उभे राहिलो? नियमानं यायचं होतं.” असं लिहिणारी माणसं निर्दय नाहीत. कुणाकडे बाळंतपण असलं की महिनाभर आळीपाळीनं डबे पोचवणारी हीच माणसं. पण कायद्याबद्दल त्यांनी जे गृहीत धरलंय, ते कायद्यात नाही. मुद्दाम बसून लिहितेय ते म्हणूनच.

गैरसमज : रांग सगळ्यांना एकच, उभं राहिलं की नंबर लागतो.

कोबी काढणाऱ्या, हॉटेलात भांडी घासणाऱ्या माणसाचं जवळचं कुणी अमेरिकेत कायदेशीर नसेल आणि त्याच्यासाठी अर्ज करायला मालक तयार नसेल, तर त्याला कायमचं राहण्यासाठी उभं राहायला बहुधा रांगच नसते. हे आपल्याला पटत नाही, कारण आपण डिग्री आणि कंपनीचं पत्र घेऊन आलो.

आणि ज्यांना रांग आहे, त्यांचं काय? नोकरीच्या आधारावर वर्षाला साधारण 1,40,000 ग्रीन कार्डं निघतात आणि नवराबायको, मुलं त्याच आकड्यात मोजली जातात. कुठल्याही एका देशाच्या वाट्याला 7 टक्क्यांहून जास्त द्यायची नाहीत, हा नियम 1990 च्या कायद्यातला. भारताला जी मर्यादा तीच आइसलंडला, ज्याची सगळी लोकसंख्या नाशिक शहरात सहज मावेल. इतरांची उरली तर थोडी आपल्याकडे येतात, इतकंच. नागरिक झालेल्या भावानं बहिणीसाठी अर्ज केला, तर भारतातल्या बहिणीला पंधरा वर्षांहून जास्त थांबावं लागतं, मेक्सिकोतल्या बहिणीला वीसहून जास्त. तोवर तिची मुलं मोठी होऊन त्या अर्जातून बाहेर पडलेली असतात.

आमच्या ओळखीतलं एक कुटुंब पुण्याहून आलं, तेव्हा मुलगा दोन वर्षांचा होता. त्याचं मराठी ‘आई, भूक लागली’च्या पुढं फारसं गेलं नाही, पण शाळेच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा. एकविसाव्या वाढदिवसाला आईनं श्रीखंड केलं होतं. जेवणं आटोपल्यावर वडिलांनी वकिलाचे कागद काढले आणि श्रीखंडाच्या वाट्या बाजूला सारून त्याच टेबलावर सह्या झाल्या. एकवीस पूर्ण झालं की आईवडिलांच्या अर्जातलं ‘मूल’ संपतं. वय मोजताना 2002 च्या कायद्यानं थोडी सवलत दिली आहे, ती त्याला पुरली नाही. ज्या गावात वाढला तिथेच तो परदेशी विद्यार्थी झाला. शिक्षण संपल्यावर एच-वन या नोकरीच्या व्हिसाच्या सोडतीत नाव निघालं नाही, तेव्हा तो टोरांटोला गेला. आता नाताळात आईवडिलांकडे येतो तो पाहुण्याच्या व्हिसावर. या घरातल्या कुणीही एकही नियम मोडलेला नाही.

गैरसमज : अमेरिकेत मूल झालं की आईबाप सुटले.

जन्मानं नागरिक असलेलं मूल आईवडिलांसाठी अर्ज करू शकतं ते एकवीस वर्षांचं झाल्यावर. तोवर कागद नसलेल्या त्याच्या आईला कधीही परत पाठवता येतं.

पुढची गाठ आणखी घट्ट आहे आणि ती फार थोड्यांना ठाऊक असते. 1996 च्या कायद्यानुसार, सहा महिन्यांहून जास्त काळ कागदांशिवाय राहून जो देश सोडतो त्याला तीन वर्षं परत येता येत नाही. वर्ष किंवा त्याहून जास्त राहिला असेल, तर दहा वर्षं. समजा, चोरवाटेनं येऊन वर्षाहून जास्त राहिलेल्या बाईचं नागरिकाशी लग्न झालं. नवऱ्यानं अर्ज केला, तो मंजूरही झाला. कागद पुरे करायला तिनं सहसा मायदेशी जायचं असतं, आणि पाऊल बाहेर पडलं की दहा वर्षांची बंदी लागू. माफी मागता येते, पण तिथं त्रास मोजतात तो अर्जदाराच्या नवऱ्याचा, बायकोचा किंवा आईबापाचा. मुलाचे हाल त्या हिशेबात थेट धरलेच जात नाहीत. सहा वर्षांची मुलगी रात्री आईशिवाय झोपत नाही, एवढं पुरत नाही. त्यापायी बापाचं काय होतंय, ते दाखवावं लागतं. कायदा करणाऱ्यांनी ही ओळ पुन्हा वाचायला हवी, असं मला मनापासून वाटतं.

गैरसमज : हे लोक कर भरत नाहीत आणि गुन्हे करतात.

इथं थोडक्यात सांगते, कारण आकडे स्पष्ट आहेत. सोशल सिक्युरिटी नंबर नसलेल्यांना करखातं 1996 पासून नऊनं सुरू होणारा वेगळा क्रमांक देतं. आयटेप या अभ्याससंस्थेच्या अंदाजानं 2022 मध्ये कागदपत्रं नसलेल्यांनी 96.7 अब्ज डॉलर कर भरला. आणि टेक्सासमधल्या अटकेच्या नोंदी तपासल्या, तेव्हा हिंसक गुन्ह्यांसाठी त्यांना अटक होण्याचं प्रमाण अमेरिकेत जन्मलेल्यांच्या निम्म्याहूनही कमी निघालं.

गैरसमज : धाड पडली की गावाचं भलं होतं.

आयोवातलं पोस्टव्हिल हे जेमतेम सव्वादोन हजार वस्तीचं गाव. तिथं कोशर, म्हणजे ज्यू धर्मनियमांनुसारच्या, मांसाचा मोठा कारखाना होता, कामगार बहुतेक ग्वाटेमालाचे. 12 मे 2008 ला सकाळी गावावर हेलिकॉप्टरं घिरट्या घालू लागली आणि एका दिवसात 389 माणसं पकडली गेली. त्यांना वॉटरलूच्या गुरांच्या प्रदर्शनाच्या मैदानात नेलं आणि तिथेच कोर्ट भरवलं. बहुतेकांना खोट्या कागदपत्रांसाठी पाच महिन्यांची कैद झाली. कुटुंबं सेंट ब्रिजेट चर्चमध्ये आसऱ्याला जमली. शाळेत बाकं रिकामी पडली. लेकरं सांभाळायला म्हणून काही बायांना सोडलं, पण घोट्याला इलेक्ट्रॉनिक पट्टा अडकवून. त्यांना काम करायची परवानगी नव्हती आणि गाव सोडायचीही नव्हती. आठवड्यामागून आठवडे चर्चनं त्यांना जेवू घातलं, म्हणजे त्याच गावच्या लोकांनी.

मग स्थानिकांना नोकऱ्या मिळाल्या? कारखान्यानं माणसं आणली ती पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरून आणि सोमाली निर्वासितांमधून. नोव्हेंबरात कंपनीचं दिवाळं निघालं. ज्या भाड्यावर घरमालक जगत होता आणि ज्या उधारीवर दुकान चालत होतं, ते दोन्ही माणसांबरोबर गेलं.

2017 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आयोवातल्या बाळांच्या जन्मनोंदी तपासल्या होत्या. धाडीनंतरच्या काळात तिथल्या लॅटिनो आयांच्या पोटी कमी वजनाचं बाळ येण्याचा धोका आदल्या वर्षापेक्षा 24 टक्क्यांनी वाढलेला दिसला. पोस्टव्हिलपासून दूर राहणाऱ्या, अमेरिकेतच जन्मलेल्या, कुणी कधी हात लावू शकणार नव्हतं अशा आयाही त्यांत होत्या. भीतीला कागदपत्रं कळत नाहीत.

गैरसमज : माणुसकी दाखवायची म्हणजे सीमा मोकळी सोडायची.

अमेरिकेच्या स्वतःच्या कायद्यात याचं जुनं उत्तर आहे. 1929 पासून तिथं एक तरतूद आहे : अमुक तारखेच्या आधीपासून सलग इथं राहत असाल आणि वागणूक चांगली असेल, तर कायमच्या वास्तव्यासाठी अर्ज करा. सुरुवातीला ती तारीख 1921 ची होती. मग संसदेनं ती चार वेळा पुढं आणली, 1924, 1940, 1948 आणि शेवटी 1972. त्यानं सीमा मोकळी झाली नाही. वर्षानुवर्षं शेजारी राहिलेला माणूस शेजारीच आहे, एवढं कायद्यानं कबूल केलं.

शेवटचा बदल 1986 चा. आजही त्या कलमात 1 जानेवारी 1972 हीच तारीख आहे, म्हणजे अर्ज करायला माणूस त्रेपन्न वर्षांहून जास्त काळ अमेरिकेत असायला हवा. 2022 मध्ये एक विधेयक आलं : ठरावीक तारीख नकोच, सलग सात वर्षं राहिलेल्या कुणालाही अर्ज करू द्या. ते पुढं सरकलं नाही.