🔦 *रात्रीच्या पाळीला सायकलची बत्ती: घेताना काय बघाल?*



रब्बीचं पाणी चालू आहे. लाईटची पाळी रात्रीची आली की बरेच जण सायकलवरून मोटार चालू करायला जातात. एका हातात बॅटरी, एका हातात हँडल असं जाऊ नका. एकच ब्रेक हाताशी राहतो. हँडलला पक्की बत्ती बसवा.

*1) उजेड किती पाहिजे?*
ताशी 15 किमी वेगाने सायकल सेकंदाला 4 मीटर पुढे जाते. खड्डा दिसून ब्रेक दाबेपर्यंतच 5-6 मीटर गेलेले असतात, थांबायला आणखी काही मीटर. म्हणून निदान 15 मीटर पुढचं स्वच्छ दिसलं पाहिजे. अंधाऱ्या शिवाररस्त्याला 200 ते 400 ल्युमेन पुरतात. (ल्युमेन म्हणजे उजेडाचं माप.)

*2) डब्यावरच्या आकड्याला भुलू नका*
अशा बत्तीतला चांगला एलईडी 1 वॅटला साधारण 100 ल्युमेन देतो. "10,000 ल्युमेन" लिहिलं असेल तर 100 वॅट लागतील. मुठीएवढ्या बत्तीत ते होत नाही.

*3) पैसे सेलला द्या*
आत बहुतेक 18650 नंबरचा सेल असतो. खरा सेल 2000 ते 3500 एमएएचचा. त्यावर 9900 छापलं असेल तर तो आकडा खोटा समजा. 2500 चा खरा सेल 300 ल्युमेनवर जवळपास तीन तास चालतो.

*4) दुकानातच तपासा*
✅ क्लॅम्प घट्ट बसतो का, बत्ती पटकन काढता येते का
✅ चार्जिंगच्या भोकाला रबरी झाकण आहे का
✅ मंद-प्रखर दोन्ही आहे का
✅ झोत पसरट आहे का. नुसता लांब, बारीक झोत असेल तर चाकापुढचा खड्डा दिसत नाही.

*5) कमी खर्चात*
घरात चांगली बॅटरी असेल तर फक्त हँडलचा रबरी क्लॅम्प आणा. जुना डायनॅमो चालतो, पण सायकल थांबली की उजेडही जातो.

*6) मागचंही बघा*
उसाच्या ट्रॉल्या, ट्रॅक्टर रात्री रस्त्यावर असतात. मागच्या मडगार्डला लाल रेडियम आणि पेडलला पट्टी लावा. समोरून कोणी आलं तर झोत खाली करा, त्याचे डोळे दिपतात.

⚠️ घोणस, मण्यार बहुतेक रात्री फिरतात. बांधावर उतरलात की बत्ती काढून हातात घ्या, आधी उजेड टाका, मग पाय. गमबूट घालाच.

आज अंधार पडल्यावर एवढं करा: बत्ती लावून सायकल उभी करा, 20 पावलं पुढे एक वीट ठेवा आणि परत येऊन सीटवर बसून बघा. वीट नीट दिसली नाही, तर बत्ती बदलायला झाली.

काही विचारायचं असेल तर याच नंबरवर मेसेज टाका.

– कृषी सल्लागार, आपली शेतकरी उत्पादक कंपनी