धोरणनिर्मितीतील बैठका आणि अनौपचारिक संवाद

संस्थेच्या भावी वाटचालीची दिशा, म्हणजेच तिचे दीर्घकालीन धोरण, लेखी आराखड्यात उमटण्यापूर्वी बहुधा व्यवस्थापकांच्या आपसातील बोलण्यात आकार घेते. हेन्री मिंट्झबर्ग यांनी पाच मुख्याधिकाऱ्यांच्या दिनक्रमाचे निरीक्षण केले. १९७३ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या ग्रंथानुसार या अधिकाऱ्यांचा ७८ टक्के वेळ तोंडी संवादात जात होता. त्यांपैकी नियोजित बैठकांचाच वाटा ५९ टक्के होता.

बैठकीचे कार्य

विषयपत्रिका ठरवणे, एखादा विषय पुढील बैठकीवर ढकलणे किंवा उपसमितीकडे सोपवणे, या वरकरणी किरकोळ कृतींनी धोरण घडते अथवा अडते. पॉला जार्झाबकोव्स्की व डेव्हिड सायडल यांनी ब्रिटिश विद्यापीठांतील बैठकांचा अभ्यास करून (२००८) दाखवले की, बैठका पुष्कळदा प्रचलित धोरणच पक्के करतात. नवा विचार टिकण्यासाठी तो कार्यगटात जाऊन पुन्हा बैठकीपुढे यावा लागतो.

किर्लोस्करवाडी

सांगली जिल्ह्यातील किर्लोस्करवाडीचा कारखाना हे अनौपचारिक संवादाचे ठळक उदाहरण होय. बेळगावची जागा सोडावी लागल्यावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांना औंधचे बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी सुमारे ३२ एकर माळरान व कर्जाऊ रक्कम दिली. दोघांच्या पूर्वपरिचयातून आलेल्या या प्रस्तावामुळे १९१० मध्ये कारखाना तेथे गेला. लोखंडी नांगराने जमीन नासते, असा शेतकऱ्यांचा समज होता. तो केवळ कारखान्यात ठराव करून दूर होणारा नव्हता. पहिले नांगर खपण्यास दोन वर्षे लागली. १९२० मध्ये शंकरराव किर्लोस्कर यांनी 'किर्लोस्कर खबर' हे नियतकालिक सुरू केले आणि कारखान्यातील घडामोडी छापील रूपात लोकांपर्यंत जाऊ लागल्या.

कुपवाड-मिरज परिसरातील औद्योगिक वसाहतींत आजही लहान कारखान्याचा मालक हाच अनेकदा व्यवस्थापक असतो. तेथे यंत्राजवळ उभ्याउभ्या झालेले बोलणे हीच बैठक ठरते.

मर्यादा

कंपनी अधिनियम, २०१३ नुसार संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त ठेवणे बंधनकारक आहे. सभेपूर्वीच्या खासगी बोलण्याची मात्र कोठेही नोंद होत नाही. निर्णय तेथेच झालेला असल्यास सभा केवळ संमतीपुरती उरते आणि त्या गप्पांत स्थान नसलेले कनिष्ठ कर्मचारी, कामगार व बहुतेक वेळा स्त्रिया यांचे म्हणणे विचारात येण्यापूर्वीच बाद होते. इतिवृत्तात ठराव 'एकमताने मंजूर' असाच दिसतो.