हिरव्याआडचा केशरी

पोषण सप्ताहाच्या निमित्ताने एका शाळेत गेलो होतो. मुलांनी भिंतीवर मोठा तक्ता लावला होता. मधोमध ताट आणि ताटात इंद्रधनुष्य. तांबड्या पट्ट्यात टोमॅटो, नारिंगीत गाजर, पिवळ्यात पिवळी ढोबळी मिरची, हिरव्यात पालक. निळ्या रंगाचे काही सापडले नाही म्हणून जांभळेच निळी रंगवली होती. खाली ठळक अक्षरांत लिहिले होते, 'रोज सात रंग खा.'

तक्ता छान होता. पण सातवीतल्या एका मुलीने जो प्रश्न विचारला तो तक्त्याहून चांगला होता. ती म्हणाली, "सर, आमच्याकडे बाजार शुक्रवारी भरतो. दोन दिवस भाजी असते. मग डाळ, भाकरी आणि दारातल्या शेवग्याचा पाला. पाला तर नुसता हिरवा. मग आमचा रंग एकच का?"

या प्रश्नाचे उत्तर तोंडी देण्यापेक्षा करून दाखवणे सोपे आहे. शेवग्याची मूठभर कोवळी पाने (नसतील तर पालक चालेल) बारीक चिरा आणि खलबत्त्यात थोडे स्पिरिट घालून वाटा. गडद हिरवा अर्क फडक्यातून वाटीत गाळून घ्या. टीपकागदाची बोटभर रुंद पट्टी या वाटीत अशी उभी धरा, की तिचे फक्त टोक अर्कात बुडेल. स्पिरिट पेट घेते, म्हणून जवळपास स्टोव्ह किंवा उदबत्ती नको आणि खिडक्या उघड्या असू द्या. अर्धा तास थांबा. अर्क कागदावर चढत जातो आणि चढताना त्यातले रंग एकमेकांपासून सुटू लागतात. हिरवा पट्टा मागे रेंगाळतो, त्याच्या पुढे पिवळसर कड दिसू लागते. एकाच हिरव्या पानातून हा पिवळा रंग निघाला. वर्गात बहुतेक मुलांना तो आपण बाहेरून मिसळला असेच वाटते, म्हणून पाने त्यांनाच तोडून आणायला सांगावीत.

हा प्रयोग पहिल्यांदा नीट केला तो मिखाईल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने, वॉर्सा येथे, १९०३ च्या सुमारास. काचेच्या नळीत त्याने खडूची भुकटी ठासून भरली आणि वरून पानांचा अर्क ओतला. नळीत हिरवे आणि पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. (रशियन भाषेत 'त्स्वेत' या शब्दाचा अर्थच 'रंग' असा आहे!) पानातला हिरवा रंग हरितद्रव्याचा. पिवळे-केशरी रंग कॅरोटिनॉइड या कुटुंबातले. त्यातलाच एक बीटा-कॅरोटीन. गाजराला केशरी करणारा रेणू तोच. पानात तो भरपूर असतो, पण हरितद्रव्यापुढे त्याचे काही चालत नाही. पान पिकून हरितद्रव्य मोडून गेले, की मागे राहिलेला पिवळा दिसू लागतो. फणसाचे पिकले पान आपण रोज पाहतो, पण तो पिवळा रंग आधीपासून तिथेच होता हे लक्षात येत नाही.

झाडाने कॅरोटीन आपल्यासाठी केलेले नाही. ते पानात प्रकाश गोळा करायला मदत करते आणि ऊन फार झाले तर हरितद्रव्याचे रक्षण करते. आपल्याला ते उपयोगी पडते हा आपला फायदा.

हा फायदा माणसाला कसा कळला, ती हकीकत रंगांवर विसंबणाऱ्या प्रत्येकाने वाचावी अशी आहे. १९१३ मध्ये अमेरिकेत उंदरांवरच्या प्रयोगांतून दिसले, की लोण्यात वाढीसाठी आवश्यक असा एक पदार्थ असतो. यालाच पुढे अ जीवनसत्त्व असे नाव पडले. १९१९ मध्ये विस्कॉन्सिनच्या हॅरी स्टीनबॉक यांच्या लक्षात आले, की पिवळ्या मक्यावर उंदीर वाढतात, पांढऱ्या मक्यावर वाढत नाहीत. मग हा पिवळा रंग म्हणजेच जीवनसत्त्व असेल का? तर्क सरळ होता. पण यकृतातली चरबी जवळजवळ बिनरंगी असूनही ती उंदरांना लागू पडत होती. रंग आहे तिथे गुण आहे, आणि रंग नाही तिथेही गुण आहे! या कोड्याने शास्त्रज्ञांना दहा वर्षे चकवले. १९३० मध्ये केंब्रिजच्या टॉमस मूर यांनी उंदरांना कॅरोटीन खाऊ घातले आणि त्यांच्या यकृतात अ जीवनसत्त्व साठलेले दाखवले. म्हणजे पिवळा रंग हा कच्चा माल. शरीर त्याचे जीवनसत्त्व बनवते आणि बनवताना रंग नाहीसा होतो.

याच सुमारास पॉल कारर यांनी दोन्ही रेणूंची रचना उलगडली. बीटा-कॅरोटीनमध्ये कार्बनचे ४० अणू असतात आणि दोन्ही टोकांना एकेक कडे असते. आतड्याच्या अस्तरात हा रेणू मधोमध तुटतो आणि २०-२० कार्बनचे दोन तुकडे होतात. हेच अ जीवनसत्त्वाचे रेणू. कागदावर एकाचे दोन होतात खरे, पण अन्नातले पुष्कळसे कॅरोटीन शोषलेच जात नाही. म्हणून आहारशास्त्रात साधारण १२ मायक्रोग्रॅम कॅरोटीन म्हणजे १ मायक्रोग्रॅम जीवनसत्त्व असा हिशेब धरतात.

हे कोडे घरच्या गोठ्यातही आहे. गाईचे तूप पिवळे, म्हशीचे पांढरे. पिवळे तूप 'कसदार' असे आपण सहज म्हणतो. प्रत्यक्षात दोघी तोच हिरवा चारा खातात. गाय त्यातले काही कॅरोटीन तसेच दुधात सोडते. म्हैस मात्र जवळजवळ सगळ्याचे अ जीवनसत्त्व करून टाकते, म्हणून तिच्या तुपाला रंग उरत नाही. म्हशीच्या तुपाला त्याच्या पांढरेपणावरून कमी लेखणे अन्यायाचे आहे.

अ जीवनसत्त्वाची एवढी चर्चा कशासाठी? डोळ्यांसाठी. दृष्टिपटलात अंधुक प्रकाशात पाहण्याचे काम ऱ्होडोप्सिन हे द्रव्य करते. एक प्रथिन आणि त्याला जोडलेला अ जीवनसत्त्वाचा एक प्रकार, असे ते बनलेले असते. प्रकाश पडला की ही जोडी सुटते, अंधारात पुन्हा जुळते आणि दर फेरीत थोडे जीवनसत्त्व खर्ची पडते. शरीरातला साठा संपत आला, की मूल दिवेलागणीला चाचपडू लागते, उंबऱ्याला अडखळते, ताटातला घास शोधते. हा रातांधळेपणा. तिकडे दुर्लक्ष झाले तर डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो, त्यावर फेसासारखे डाग दिसतात आणि शेवटी बुबुळ मऊ होऊन दृष्टी कायमची जाते. गोवरासारखे आजारही अशा मुलांना फार जड जातात. आपल्या देशात लहान मुलांना दर सहा महिन्यांनी अ जीवनसत्त्वाचा डोस देण्याचा कार्यक्रम १९७० मध्ये सुरू झाला तो यामुळेच. डोस हवाच, पण रोजच्या जेवणाचे काम तो करत नाही.

आता ताटातल्या रंगांकडे परत वळू. टोमॅटो आणि कलिंगड यांचा लाल रंग लायकोपीनचा. तोही ४० कार्बनचाच, कॅरोटीनचा सख्खा भाऊ. पण त्याच्या टोकांना कडी नसतात, त्यामुळे त्यापासून अ जीवनसत्त्व होत नाही. (टोमॅटोत थोडे कॅरोटीनही असते, तेवढ्यापुरता त्याचा उपयोग.) हिवाळ्यात येणाऱ्या लालबुंद गाजरातही लायकोपीन असते. बिटाचा रंग बीटालेनचा, अगदी वेगळ्या घराण्यातला. बीट दिसते भडक, पण त्यात कॅरोटीन जवळजवळ नाहीच. लाल माठाचा तांबडेपणाही बीटालेनचाच. मात्र माठ हे पान असल्यामुळे त्यात कॅरोटीन भरपूर असते, आणि ते लाल माठात असते तसे हिरव्या माठातही असते. जांभूळ, वांग्याची साल, जांभळा कोबी, कोकम यांचे रंग अँथोसायनिनचे. ही द्रव्ये लिंबू पिळल्यावर लालसर होतात आणि खाण्याच्या सोड्याने निळी-हिरवी. शाळेत दर्शक म्हणून जास्वंदीची फुले वापरतात, तीही याच जातीची. आणि क जीवनसत्त्वाला तर रंगच नाही. पेरू आतून पांढरा असला तरी त्यात संत्र्याच्या कितीतरी पट क जीवनसत्त्व असते. आवळा पेरूच्याही पुढे.

धान्यांचे निराळेच आहे. नाचणीचा तांबूस रंग, कोकणातल्या लाल तांदळाचा रंग, हे सारे दाण्याच्या बाहेरच्या थरांत असतात. तांदूळ सडून पांढराशुभ्र केला की रंगाबरोबर कोंडाही जातो आणि कोंड्यातले ब१ जीवनसत्त्वही. या जीवनसत्त्वाला स्वतःचा रंग नाही. दाण्याचा रंग फक्त एवढेच सांगतो, की कोंडा अजून जागेवर आहे. जावा बेटावर ख्रिस्तियान आइकमन या डच डॉक्टरांनी १८९० च्या दशकात पाहिले, की सडलेल्या तांदळाच्या भातावर वाढणाऱ्या कोंबड्यांचे पाय लुळे पडतात आणि कोंडा दिला की त्या बऱ्या होतात. माणसांतल्या बेरीबेरी या रोगाचे कारण त्यातून पुढे सापडले. १९२९ मध्ये आइकमन यांना नोबेल पारितोषिक मिळाले. नाचणीच्या बाबतीत आणखी एक गोष्ट. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असते. तेवढ्याच तांदळात १० च्या आसपास.

मग अँथोसायनिन, लायकोपीन वगैरे द्रव्ये निरुपयोगी समजायची का? तसेही नाही. भाज्या-फळे भरपूर खाणाऱ्यांना हृदयविकार कमी होतो असे अनेक देशांतल्या पाहण्यांत दिसले आहे. पण त्याचे श्रेय कोणत्या एका द्रव्याला द्यायचे हे सांगणे कठीण. तो उतावळेपणा एकदा महागात पडला आहे. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या सुमारे २९ हजार पुरुषांवर एक मोठी चाचणी झाली. त्यांतल्या काहींना रोज बीटा-कॅरोटीनची गोळी दिली गेली. कर्करोग कमी होईल अशी अपेक्षा होती. १९९४ मध्ये निष्कर्ष आले तेव्हा कॅरोटीन घेणाऱ्यांत फुप्फुसाचा कर्करोग १८ टक्क्यांनी जास्त निघाला. गाजर खाणे आणि गाजराच्या रंगाची गोळी गिळणे या दोन गोष्टी एक नाहीत.

भाजी शिजवण्याबद्दलही थोडे सांगायला हवे, कारण इथे आपण हमखास चुकतो. दोन वाट्यांत गाजराचा कीस घ्या. एकीत गरम पाणी ओता, दुसरीत कोमट तेल. पाणी जेमतेम रंगते, तेल मात्र केशरी होते. बिटाचा कीस घेतला तर बरोबर उलटे घडते. कॅरोटीन स्निग्ध पदार्थात विरघळते, म्हणून आतड्यात शोषले जायलाही जेवणात थोडे तेल-तूप लागते. मिसळीच्या तर्रीचा लालपणाही असाच, मिरचीतल्या कॅरोटिनॉइडांचा. शिवाय शिजवल्याने पेशींच्या भिंती मोडतात आणि आतले कॅरोटीन मोकळे होते. तेव्हा या एका बाबतीत कच्च्या गाजरापेक्षा फोडणीची पालेभाजी सरस ठरते. मात्र पालेभाजी हिरवीगार राहावी म्हणून तिच्यात सोडा टाकू नये. रंग टिकतो, पण क आणि ब१ ही जीवनसत्त्वे नष्ट होतात.

शाळेच्या पोषण आहारात पहिली ते पाचवीच्या मुलामागे दररोज ५० ग्रॅम भाजी आणि ५ ग्रॅम तेल धरलेले आहे. सहावीपासून पुढे ७५ ग्रॅम भाजी आणि साडेसात ग्रॅम तेल. ५० ग्रॅम म्हणजे एक लहान मूठ. त्या मुठीत सात रंग बसवायचे म्हटले तर प्रत्येकाचा एकेक तुकडा येईल. बटाटा किंवा पांढरा कोबी घातला तर पोट भरेल, पण डोळ्यांसाठी जवळजवळ काहीच मिळणार नाही. शेवग्याच्या पाल्यात मात्र तेवढ्याच वजनाच्या गाजराच्या सुमारे तिप्पट कॅरोटीन असते आणि त्याला पैसेही पडत नाहीत. माठ, तांदुळजा, चाकवत, राजगिऱ्याचा पाला हेही उपयोगाचे. पावसाळ्यात बांधावर उगवणारा टाकळा तर कुणी विकतही घेत नाही.

मुले पाला ताटात ठेवून देतात ही स्वयंपाकिणीची तक्रार खरी आहे. त्या शाळेतल्या ताईंनी त्यावर उपाय काढला आहे. देठ काढून टाकायचे, फक्त पाने बारीक चिरायची आणि लसणाच्या फोडणीत परतून खिचडीत मिसळायची. कोवळा पाला असला तर कडवटपणा जाणवत नाही, जून पाला मात्र मुले लगेच ओळखतात. त्या मुलीने मधल्या सुटीत टीपकागदाची वाळलेली पट्टी मागून घेतली आणि तक्त्यावर नारिंगी पट्ट्यात, गाजराच्या शेजारी, डिंकाने चिकटवली.