केंटकीची पंधरा वर्षं आणि कॅलिपॅरींचा हेका

एप्रिल २०२४ मध्ये बास्केटबॉल कोच जॉन कॅलिपॅरी केंटकी विद्यापीठ सोडून आर्कान्सॉ विद्यापीठाकडे गेले. त्यांना कोणी काढलं नव्हतं. ते आपणहून गेले, आणि विद्यापीठाच्या गावी, लेक्सिंग्टनमध्ये, दुःखापेक्षा सुटकेचाच सूर जास्त होता. पंधरा मोसम, चारशेहून अधिक विजय, चार वेळा अंतिम चार संघांत धडक आणि २०१२ चं राष्ट्रीय विजेतेपद. एवढं पदरात घालणारा कोच जातो आणि चाहते 'चला, सुटलो' म्हणतात, हे बाहेरून पाहणाऱ्याला निव्वळ कृतघ्नपणाचं वाटेल. मी त्या चाहत्यांपैकीच एक आहे, आणि आमचा वैताग कुठून आला ते नीट मांडलं पाहिजे असं मला वाटतं.

आधी केंटकीविषयी. या राज्यात एनबीए या व्यावसायिक लीगचा संघ नाही. लेक्सिंग्टन जेमतेम तीन लाखांचं शहर, पण रप अरीनात वीस हजारांवर माणूस बसतो, आणि कॉलेजच्या पोरांचा खेळ बघायला बसतो. छताला आठ राष्ट्रीय विजेतेपदांचे बॅनर आहेत. पूर्वेकडच्या डोंगराळ कोळसा पट्ट्यापासून पश्चिमेच्या शेतीपर्यंत सगळं राज्य हिवाळाभर या एका संघावर जगतं. ऑक्टोबरातल्या पहिल्या जाहीर सरावाच्या तिकिटांसाठी लोक तंबू ठोकून रात्री काढायचे. अशा ठिकाणचा कोच कधीच नुसता नोकरदार नसतो.

कॅलिपॅरी २००९ च्या वसंतात मेम्फिसहून आले तेव्हा संघाची अवस्था वाईट होती. त्या वर्षी केंटकीला राष्ट्रीय स्पर्धेत प्रवेशसुद्धा मिळाला नव्हता. येताना त्यांनी आपली पद्धत बरोबर आणली. एनबीएने २००६ पासून शाळेतून थेट भरती बंद केली होती. खेळाडू १९ वर्षांचा हवा आणि शाळा सोडून एक वर्ष झालेलं हवं. मग ते एक वर्ष काढायचं कुठे? कॅलिपॅरींनी उघड सांगितलं, माझ्याकडे काढा. देशातली सर्वात गुणी अठरा वर्षांची मुलं आणायची, एक हिवाळा खेळवायची, एनबीएला पाठवायची आणि पुढच्या वर्षी नवी मुलं आणायची. दुसरे कोच हे दबक्या आवाजात करत होते. कॅलिपॅरींनी त्याचं धोरण केलं. मला हा प्रामाणिकपणा तेव्हाही आवडला होता, आजही आवडतो. ज्याला पोटापाण्याची संधी समोर दिसते आहे, त्या गरीब घरातल्या मुलाला चार वर्षं अडकवून ठेवण्यात कसली नीतिमत्ता आहे?

पहिला मोसम थक्क करणारा होता. जॉन वॉल, डिमार्कस कझिन्स, एरिक ब्लेडसो. पस्तीस विजय, तीन पराभव. पण त्यातला तिसरा पराभव पुन्हा बघावा असा आहे, कारण पुढच्या चौदा वर्षांतलं सगळं त्यात दिसतं. सिरॅक्यूज, मार्च २०१०, समोर वेस्ट व्हर्जिनिया. त्यांनी १-३-१ असा झोन बचाव लावला आणि बास्केटकडे घुसण्याच्या वाटा बंद केल्या. केंटकीचा सगळा खेळ घुसण्यावर उभा होता. वाट बंद झाल्यावर मुलं लांबून फेकत राहिली, आणि तीन गुणांचे पहिले वीस फटके वाया गेले. शेवटी ३२ पैकी ४ पडले. वेस्ट व्हर्जिनियाने पूर्वार्धात दोन गुणांचा एकही बास्केट केला नाही. जे केले ते तीन गुणांचे आणि फ्री थ्रो. त्या दिवशी १७ गुण करून आम्हाला छळणारा त्यांचा छोटासा गार्ड होता जो मझुला. हाच मझुला पुढे बॉस्टन सेल्टिक्सचा कोच झाला आणि जून २०२४ मध्ये थ्री-पॉइंटरच्या भडिमारावर त्याने एनबीए जिंकली.

त्या एका सामन्यात सगळं होतं: झोनपुढे गोंधळ, लांबच्या फटक्यांविषयी बेफिकिरी आणि अडचणीच्या वेळी दुसरा काही बेत तयार नसणं. आम्ही म्हटलं, पोरं लहान आहेत, कोच शिकवील.

२०१० च्या जूनमध्ये एनबीए ड्राफ्टच्या, म्हणजे नव्या खेळाडूंच्या निवडीच्या, पहिल्या फेरीत केंटकीचे पाच खेळाडू निवडले गेले, वॉल सर्वात पहिला. ही केंटकीच्या इतिहासातली सर्वात मोठी घटना आहे, असं कॅलिपॅरी तेव्हा म्हणाले. तोवर सात विजेतेपदं मिळवलेल्या कार्यक्रमाच्या इतिहासात! जुन्या मंडळींच्या मनात ते वाक्य कायमचं रुतून बसलं. नव्या मुलांना बोलावण्यासाठी ते वाक्य उपयोगी होतं हे कळत होतं. पण आमची रात्र होती एप्रिलमधली, अंतिम सामन्याची. त्यांनी ती जूनमध्ये नेऊन ठेवली.

२०१२ ने सगळ्यांची तोंडं बंद केली, माझंही. ३८ विजय, २ पराभव, न्यू ऑर्लिन्सला कॅन्ससवर ६७-५९. अँथनी डेव्हिसने त्या रात्री दहा प्रयत्नांत एकच बास्केट केला, तरी तोच सर्वोत्तम खेळाडू ठरला: १६ रिबाउंड, ६ ब्लॉक, आणि समोरच्यांना बास्केटजवळ फिरकायची भीती. पण एक गोष्ट तेव्हा कोणी फारशी बोललं नाही. त्या संघात डॅरियस मिलर चौथ्या वर्षाचा होता, राज्यातलाच मुलगा. टेरेन्स जोन्स आणि डोरॉन लॅम दुसऱ्या वर्षाचे होते, आणि अंतिम सामन्यात सर्वाधिक २२ गुण लॅमचेच होते. नवख्या प्रतिभेला मुरलेल्या खेळाडूंची जोड मिळाली की काय होतं, याचा तो नमुना होता. कॅलिपॅरींनी त्यातून धडा घेतला तो असा, की प्रतिभा पुरे.

पुढच्याच वर्षी राष्ट्रीय स्पर्धा हुकली आणि दुय्यम स्पर्धेत रॉबर्ट मॉरिस नावाच्या छोट्या कॉलेजने पहिल्याच फेरीत घरी पाठवलं. २०१४ मध्ये आठव्या मानांकनावरून संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला, कनेक्टिकटकडून ६०-५४ ने हरला. २४ पैकी ११ फ्री थ्रो वाया घालवले. कनेक्टिकटने दहाच्या दहा टाकले. मेम्फिसला असताना २००८ चा अंतिम सामना कॅलिपॅरींच्या हातून निसटला त्यातही चुकलेले फ्री थ्रो होतेच.

मग २०१५. हे वर्ष आजही घशाखाली उतरत नाही. कार्ल-अँथनी टाउन्स, डेव्हिन बुकर, विली कॉली-स्टाइन, हॅरिसन जुळे भाऊ, टायलर युलिस. इतके गुणी खेळाडू की कॅलिपॅरी पाच-पाचच्या दोन तुकड्या करून आलटून पालटून मैदानात सोडत. ३८ सामने, ३८ विजय. उपांत्य सामना इंडियानापोलिसला, समोर विस्कॉन्सिन. मुरलेली, तीन-चार वर्षं एकत्र खेळलेली पोरं. साडेसहा मिनिटं उरली असताना केंटकी ६०-५६ ने पुढे होतं. आणि तिथे संघ थांबला. तेव्हा कॉलेजच्या खेळात फटका मारायला ३५ सेकंद मिळत. केंटकीची मुलं अर्ध्या मैदानाजवळ चेंडूला टप्पे देत उभी राहू लागली, घड्याळ संपवू लागली, आणि मग घाईघाईत काहीतरी. लागोपाठ तीन वेळा ३५ सेकंदांत फटकासुद्धा गेला नाही आणि चेंडू आयता विस्कॉन्सिनच्या हाती पडला. बास्केटखाली टाउन्स उभा होता, पुढे ड्राफ्टमध्ये पहिला निवडला गेलेला. त्याच्याकडे चेंडू जाईना. सॅम डेकरने तीन गुणांचा फटका टाकला आणि संपलं. ७१-६४.

खेळात हार असतेच. पण ३८ सामन्यांत ज्या संघाने समोरच्याला श्वास घेऊ दिला नाही, त्याला शेवटच्या सहा मिनिटांत आघाडी सांभाळत बसायला लावणं हा कोचचा निर्णय होता. तो बुकर आठवा. पुढे एनबीएमध्ये एका सामन्यात ७० गुण करणारा हा मुलगा केंटकीत बाकावरून उठून यायचा. अशा खेळाडूंची यादी वाढत गेली आणि वैतागही. एनबीएत आमची मुलं चमकली की अभिमान वाटायचा आणि लगेच मनात यायचं, हे आपल्याकडे का दिसलं नाही?

२०१६ ते २०१९ या काळात संघ वाईट नव्हता. दोनदा अंतिम चारच्या उंबरठ्यावरून परतला. २०१७ ला नॉर्थ कॅरोलायनाने शेवटच्या क्षणी मारलं, २०१९ ला ऑबर्नने ओव्हरटाइममध्ये. पण भोवतालचा खेळ बदलत होता. विलानोव्हाने २०१६ आणि २०१८ ला विजेतेपद मिळवलं ते अनुभवी पोरं आणि थ्री-पॉइंटर यांच्या बळावर. केंटकी मात्र बास्केटमध्ये घुसण्यावर आणि मधल्या अंतराच्या फटक्यांवर अडून राहिलं. याच सुमारास, २०१९ मध्ये, विद्यापीठाने कॅलिपॅरींशी दहा वर्षांचा करार केला. काढायचं तर तीन कोटी डॉलरहून अधिक रक्कम मोजावी लागणार होती. माझ्या मते विद्यापीठाची सर्वात मोठी चूक ही. ज्याला जाब विचारता येत नाही, त्याच्याकडून बदलाची अपेक्षा कशी करायची?

करोनानंतर तर पायाच सरकला. सगळ्यांना खेळायला एक वर्ष वाढवून मिळालं, कॉलेज बदललं तरी लगेच खेळता येऊ लागलं, आणि बावीस-तेवीस वर्षांच्या पुरुषांपुढे अठरा वर्षांची मुलं उभी राहिली. २०२०-२१ मध्ये ९ विजय आणि १६ पराभव, जवळपास शतकभरातला सर्वात वाईट मोसम. २०२२ ला ऑस्कर शिबवे देशातला सर्वोत्तम खेळाडू ठरला आणि संघाला दुसरं मानांकन मिळालं. पहिल्या फेरीत समोर पंधरावं मानांकन असलेलं जर्सी सिटीचं सेंट पीटर्स. शिबवेने ३० गुण आणि १६ रिबाउंड केले. आम्ही ओव्हरटाइममध्ये ८५-७९ ने हरलो.

त्यानंतरच्या उन्हाळ्यात कॅलिपॅरी सरावासाठी नवी इमारत हवी म्हणून बोलू लागले आणि बोलता बोलता केंटकी हे बास्केटबॉलचं विद्यापीठ आहे, अलाबामा-जॉर्जिया फुटबॉलची, असं म्हणून गेले. घरच्याच फुटबॉल कोचने त्यांना जाहीर उत्तर दिलं. पंधराव्या मानांकनाकडून हरलेल्या कोचला त्या उन्हाळ्यात इमारत सुचावी, याने अनेक चाहते कायमचे दुरावले.

सामन्यानंतर जे बोललं जायचं त्याचाही वीट आला होता. पोरं लहान आहेत, अजून शिकताहेत, हे वाक्य दरवर्षी यायचं. पण लहान पोरं आणली कोणी? दरवर्षी तुम्हीच तर!

शेवटचा संघ, २०२३-२४ चा, माझा सर्वात आवडता. हे मुद्दाम सांगतो, कारण या वर्षी कॅलिपॅरींनी अखेर आक्रमणात बदल केला होता. चेंडू भरभर फिरायचा, थ्री-पॉइंटर धडाधड पडायचे. रीड शेपर्ड हा केंटकीतल्या लंडन गावचा मुलगा, आईवडील दोघंही याच विद्यापीठातून खेळलेले, वडील १९९८ च्या अंतिम फेरीचे सर्वोत्तम खेळाडू. त्याचे तीन गुणांचे निम्म्याहून जास्त फटके पडत. तो आणि रॉब डिलिंगहॅम मोसमातला बराच काळ बाकावरून खेळायला उतरले. आम्ही महिनोन्‌महिने ओरडत होतो: यांना सुरुवातीपासून खेळवा. त्याच वर्षी ड्राफ्टमध्ये शेपर्ड तिसरा आणि डिलिंगहॅम आठवा निवडला गेला. आणि बचाव? आक्रमणाकडे लक्ष गेलं तसा बचावाचा पत्ताच नव्हता.

२१ मार्च २०२४, पिट्सबर्ग. चौदावं मानांकन असलेल्या मिशिगनच्या ओकलंड विद्यापीठाचा जॅक गोल्की, वय वर्षं २४, आधी दुसऱ्या श्रेणीत खेळलेला. तो जवळजवळ फक्त थ्री-पॉइंटरच मारतो हे सगळ्या देशाला माहीत होतं. तरी साथीदारांच्या आडोशाने सुटून तो मोकळा होत राहिला आणि दहा फटके टाकून ३२ गुण करून गेला. ८०-७६. २०१९ च्या वसंतानंतर पाच वर्षांत राष्ट्रीय स्पर्धेत केंटकीचा विजय एकच, २०२३ मधला प्रॉव्हिडन्सवरचा.

माणूस म्हणून कॅलिपॅरींबद्दल वाईट बोलणार नाही. हैतीच्या भूकंपापासून पूर्व केंटकीच्या पुरापर्यंत त्यांनी टीव्हीवरून लाखो डॉलर गोळा केले. २०२२ ला पाइकव्हिलच्या सराव सामन्यात एक खाणकामगार पाळी संपवून थेट आला होता, अंगभर कोळशाची काजळी, मांडीवर मुलगा. कॅलिपॅरींनी तो फोटो पाहून त्याला शोधून काढलं. त्यांच्या स्वतःच्या घराण्याची सुरुवातही वेस्ट व्हर्जिनियातल्या कोळशाच्या खाणीतच झाली होती. पण तो खाणकामगार सामना पाहायला आला होता, आणि मार्चमध्ये त्याच्या पदरी काय पडलं?

कॅलिपॅरींच्या जागी १९९६ च्या विजेत्या संघातला मार्क पोप आला. हाती जवळपास एकही जुना खेळाडू नसताना त्याने दुसऱ्या कॉलेजांतली मुरलेली मुलं गोळा केली, पहिल्याच नोव्हेंबरात ड्यूकला हरवलं आणि अंतिम सोळात पोचला. १ फेब्रुवारी २०२५ ला कॅलिपॅरी आर्कान्सॉ घेऊन रपमध्ये आले, लोकांनी हुर्यो केली, आणि ते ८९-७९ ने जिंकून गेले. ती हुर्यो मला मुळीच पटली नाही. २०१२ चा बॅनर त्यांनी लावला आहे, आणि केंटकीच्या लोकांनी त्याचा मान ठेवावा. पण २०१५ चा संघ पुन्हा मिळणार नाही, आणि तो विजेतेपदाविना गेला याचा दोष मी खेळाडूंना देणार नाही.