भूल आणि अतिदक्षता (लेखांक ५) : धोका टेबलावरून उतरल्यावर

शस्त्रक्रियेच्या संमतीपत्रावर सही करताना घरच्यांना सर्वांत जास्त धास्ती असते ती भुलेची. सत्तरी ओलांडलेली आई, जुना मधुमेह, त्यात हृदय अशक्त. तिला भूल झेपेल का, हा प्रश्न रास्तच आहे. पण या भीतीचा सगळा रोख ऑपरेशन थिएटरकडे असतो आणि आकडे दुसरीकडे बोट दाखवतात. १४ देशांतल्या २८ रुग्णालयांत ४५ वर्षांवरच्या ४०,००४ रुग्णांची हृदयाव्यतिरिक्त अन्य शस्त्रक्रियांनंतर ३० दिवस नोंद ठेवली गेली. त्यात भारतातली रुग्णालयेही होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात एकूण ७१५ रुग्ण दगावले. त्यांतले थिएटरमध्ये गेलेले फक्त पाच. सुमारे ७० टक्के मृत्यू नंतर रुग्णालयातच झाले आणि उरलेले घरी सोडल्यावर. ‘ऑपरेशन व्यवस्थित झालं’ हे ऐकून आपण निर्धास्त होतो, पण जोखमीच्या रुग्णाचा खरा कठीण काळ तिथून पुढे सुरू होतो.

असे का होते, ते समजायला अवघड नाही. थिएटरमध्ये भूलतज्ज्ञ रुग्णाच्या उशाशी असतो. हृदयाचा आलेख, रक्तातला ऑक्सिजन, श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड यांवर त्याची सतत नजर असते, रक्तदाब दर काही मिनिटांनी मोजला जातो. वॉर्डात आल्यावर तोच रुग्ण दोन तपासण्यांच्या मध्ये कित्येक तास एकटा असतो, आणि शरीराची परीक्षा तर याच दिवसांत होते. जखमेमुळे सर्वांगात दाह उसळतो, रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते, हृदयाला जादा काम पडते. पोटाच्या शस्त्रक्रियेनंतर दुखण्यामुळे श्वास उथळ होतो आणि फुप्फुसांचा तळ मिटू लागतो. वेदनाशामक औषधे आवश्यकच असतात, पण अफूवर्गीय औषधे श्वास मंदावतात आणि छातीत दुखणेही झाकतात. याच संशोधनमालेत शस्त्रक्रियेनंतर रक्तातले ट्रोपोनिन (हृदयस्नायूच्या इजेची खूण) नियमित तपासले, तेव्हा सुमारे आठ टक्के रुग्णांच्या हृदयस्नायूला इजा झालेली आढळली. त्यांतल्या ८४ टक्के रुग्णांना काहीही जाणवले नव्हते. रक्त तपासले नसते तर ते कुणाला कळलेही नसते. हृदयाची ही इजा, मोठा रक्तस्राव आणि सेप्सिस (जंतुसंसर्गामुळे अवयव बिघडणे) या तिन्हींचा मृत्यूंमध्ये जवळपास ४५ टक्के वाटा निघाला. रक्तस्राव किंवा सेप्सिस बळावण्याआधी नाडी आणि श्वासाची गती बहुधा काही तास आधीच बदलू लागते. ती मोजली, तर.

मग अशा प्रत्येक रुग्णाला थेट आयसीयूत ठेवावे, हे उत्तर पटकन सुचते. २०११ मध्ये युरोपातल्या २८ देशांत ४६,५३९ रुग्णांची पाहणी झाली. तीत दगावलेल्यांपैकी ७३ टक्के रुग्ण शस्त्रक्रियेनंतर एकदाही आयसीयूत गेले नव्हते. एवढ्यावरून निष्कर्ष काढायचा मोह होतो. पण २०१७ साली २७ देशांतल्या नियोजित शस्त्रक्रियांची माहिती तपासली, तेव्हा आयसीयूत ठेवलेल्या रुग्णांचे मृत्युप्रमाण त्यामुळे घटल्याचे दिसले नाही. यावर म्हणता येईल की आयसीयूत मुळातच जास्त आजारी माणसे जातात आणि हा फरक गणिताने पूर्ण पुसता येत नाही. ते खरे असले तरी आयसीयूच्या उत्तरावरचा हा आक्षेप झटकून टाकणे मला पटत नाही, कारण अमेरिकेतला २००९ चा एक अभ्यासही त्याच दिशेने नेतो. ८४,७३० रुग्णांच्या त्या अभ्यासात सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त मृत्युप्रमाणाची रुग्णालये ताडून पाहिली. गुंतागुंत दोन्हींकडे जवळपास सारखीच होती : २६.९ आणि २४.६ टक्के. पण गंभीर गुंतागुंत झालेल्यांपैकी एकीकडे १२.५ टक्के दगावले, दुसरीकडे २१.४ टक्के. म्हणजे चांगल्या रुग्णालयातही रुग्ण बिघडतो. तिथे ते वेळेत ओळखले जाते आणि कुणीतरी धावून येते. खाट कुठल्या विभागातली, हा प्रश्न त्यानंतरचा.

याहून अवघड आक्षेप आफ्रिकेतून आला आहे. तिथल्या २५ देशांच्या २०१८ च्या अभ्यासात रुग्ण तुलनेने तरुण होते, गुंतागुंत कमी होती, तरी मृत्युप्रमाण जागतिक सरासरीच्या दुप्पट निघाले आणि बहुतेक मृत्यू शस्त्रक्रियेचा दिवस उलटल्यावर झाले. म्हणून पुढे ३३२ रुग्णालयांत एक प्रयोग झाला. जोखमीच्या रुग्णाची तपासणी वाढवायची, खाट परिचारिकांच्या नजरेसमोर द्यायची, नातेवाइकाला जवळ थांबू द्यायचे. मृत्यू घटले नाहीत. मग लक्ष ठेवण्याला अर्थच नाही का? मला तसे वाटत नाही. अनेक ठिकाणी ही वाढीव देखरेख ठरल्याप्रमाणे होऊच शकली नाही. शिवाय बिघाड दिसला तरी पुढे रक्त, ऑक्सिजन, डॉक्टर आणि मोकळे थिएटर लागते. नजर आणि मदत यांतली एक जरी तुटली, तरी दुसरी वाया जाते.

आपल्या वॉर्डांना हे तंतोतंत लागू आहे. इथे नातेवाईक खाटेशी बसलेला असतोच, पण त्याला सांगितले जाते ते एवढेच, की सलाईन संपत आले की सिस्टरांना हाक मारा. श्वास जलद होणे, बोलण्यात असंबद्धता, हातपाय गार पडून घाम सुटणे, लघवी कमी होणे ही लक्षणे त्याला समजावायला दहा मिनिटे पुरतात. मात्र त्याच्या हाकेला रात्री दोन वाजता ओ कोण देणार, हे रुग्णालयाने आधी ठरवायला हवे. एका सिस्टरकडे रात्रपाळीत किती रुग्ण, हेही. संमतीपत्रावर सही करताना भुलेबद्दल विचारावेच, आणि सोबत हेही विचारावे : पहिले तीन दिवस रात्री कोण बघणार, बिघडले तर कोण येणार आणि किती वेळात? श्वास, नाडी, रक्तदाब, ऑक्सिजन, तापमान आणि शुद्ध यांना गुण देऊन धोका आधीच ओळखण्याची जी पद्धत ब्रिटनने २०१२ साली देशभरासाठी आखली, ती पुढच्या आठवड्यात पाहू.